चूक हाताची की वस्तूची?

घरातल्या एखाद्या सॉकेटकडे नीट बघा. खाली दोन भोकं, वर एक मोठं. त्या वरच्या भोकात पेनाची रिकामी रिफिल किंवा टेस्टरचं टोक खुपसून दुसऱ्या हाताने दोन पिनांचा चार्जर आत ढकलणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. चार्जर नुसता ढकलला तर जात नाही, वर काहीतरी घातलं की खालची भोकं उघडतात, हे कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. तरी ते घरोघर पोचलेलं आहे.

वरचं भोक अर्थिंगचं. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांबही असते आणि जाडही. लांब अशासाठी, की प्लग आत जाताना तिने सर्वांत आधी टेकावं आणि बाहेर निघताना सर्वांत शेवटी सुटावं. इस्त्रीच्या किंवा गिझरच्या धातूच्या अंगात वीज उतरली असेल, तर करंट पोचण्याआधीच त्या विजेला जमिनीकडे जायची वाट तयार असते. जाड अशासाठी, की ही पिन चुकूनही खालच्या, फेजच्या भोकात शिरू नये. त्यामुळे प्लग उलटा लावायचा म्हटलं तरी लावता येत नाही. अनेक सॉकेटमध्ये या पिनेला तिसरंही काम दिलेलं असतं. खालच्या दोन भोकांच्या आत प्लास्टिकचे छोटे पडदे असतात, त्यांना शटर म्हणतात. रांगणाऱ्या पोराने हेअरपिन घातली तर ती तिथेच अडावी, हा त्यांचा हेतू. लांब पिन आधी आत जाते आणि ते पडदे बाजूला सारते.

एका साध्या पितळी पिनेच्या लांबी-जाडीत एवढा विचार कोंबलेला आहे, आणि आपल्याला त्यातलं काहीही माहीत असायची गरज पडत नाही. मला हे फार आवडतं. कुठे 'सावधान' लिहिलेलं नाही, लाल रंग नाही, चित्र नाही. हाताला चूक करायची सोयच ठेवलेली नाही.

मग ती रिफिल कुठून आली? मोबाइलच्या चार्जरला अर्थिंग लागत नाही, कारण त्याचं सगळं अंग प्लास्टिकचं. म्हणून त्याला दोनच पिना. पण पडदा उघडणारी पिन तर तिसरी! चांगल्या सॉकेटमध्ये दोन्ही पिना एकाच वेळी सारख्या दाबल्या तरी पडदे सरकतात. सगळी सॉकेटं तशी नसतात, किंवा नवीन असताना तशी असतात आणि मग अडकायला लागतात. दोन शहाण्या कल्पना एकाच भिंतीवर भेटल्या आणि त्यांच्या भांडणातून एक धोक्याची सवय जन्माला आली. असंच १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगचं. गिझरचा जाडजूड प्लग छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये जाऊच नये, म्हणजे बारीक वायरवर जास्त भार येणार नाही, म्हणून त्याचा आकार मुद्दाम मोठा ठेवलेला. आणि इलेक्ट्रिकच्या दुकानात मोठा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवून देणारा कन्व्हर्टर बिनदिक्कत मिळतो. ती अडचण अडचण नव्हती, तीच सुरक्षा होती, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

वस्तूंकडे बघायची ही एक पद्धत आहे. सोयीची वस्तू चांगली आणि गैरसोयीची वाईट, एवढ्यावर न थांबता अडथळा नेमका कुठे ठेवलाय ते बघायचं. धोक्याच्या वाटेवर ठेवलेला अडथळा ही कारागिरी असते. रोजच्या सरळ वाटेवर ठेवलेला अडथळा म्हणजे बनवणाऱ्याने विचार केलेला नाही. आणि काम अडलं, चुकलं, की आधी स्वतःच्या धांदरटपणाला शिव्या घालायच्या नाहीत. आधी वस्तू तपासायची.

हे शेवटचं वाक्य आज साधं वाटतं, पण ते पटायला एक महायुद्ध लागलं. १९४३ च्या सुमारास अमेरिकी लष्करी हवाई दलात एक विचित्र प्रकार वारंवार होत होता. बी-१७ हे मोठं बॉम्बर विमान मोहीम आटोपून धावपट्टीवर व्यवस्थित उतरायचं आणि मग जमिनीवर धावता धावताच त्याची चाकं आत ओढली जायची. विमान पोटावर बसायचं. चौकशीचा निष्कर्ष ठरलेला: वैमानिकाची चूक. थकलेला असेल, घाबरलेला असेल, लक्ष नसेल.

अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे पाहायला सांगितलं. त्याला एक गोष्ट खटकली. हीच चूक बी-१७ मध्ये होते, आणखी एक-दोन जातींच्या विमानांत होते, पण सी-४७ या मालवाहू विमानाचे वैमानिक ती करत नाहीत. थकवा आणि भीती तर सगळ्यांना सारखीच असणार. तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला आणि उत्तर त्याच्या हाताखालीच होतं. फ्लॅप्सचा, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या पट्ट्यांचा स्विच आणि चाकांचा स्विच शेजारी शेजारी, आणि दोन्ही अगदी सारखे. उतरल्यावर फ्लॅप्स आत घ्यायचे असतात. नजर समोर धावपट्टीवर, हात सवयीने खाली, आणि हाताला दोन्ही स्विच एकसारखेच लागणार. सी-४७ मध्ये ते एकमेकांपासून लांब होते.

उपाय काय केला? चाकांच्या स्विचच्या दांड्याच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅप्सच्या दांड्याला पाचरीसारखा चपटा तुकडा. अंधारात, हातमोज्यातूनही बोटांना कळावं की आपण काय धरलंय. एवढ्यावर ती चूक संपली. आजही प्रवासी विमानाच्या कॉकपिटचं चित्र पाहा, चाकांच्या दांड्याला चाकाच्याच आकाराची मूठ दिसेल. अमेरिकेत तर तसा नियमच आहे. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुका जमवून त्यांची छाननी केली. सर्वांत मोठा गट निघाला तो एका दांड्याऐवजी भलताच दांडा ओढल्याचा. थोडक्यात, पुष्कळशा 'मानवी चुका' माणूस कामावर रुजू होण्याआधीच यंत्रात बसवून ठेवलेल्या होत्या.

हाच चॅपनिस १९५९ मध्ये स्वयंपाकाच्या शेगडीकडे वळला, हे मला त्याच्या विमानाच्या कामापेक्षाही गमतीचं वाटतं. चार बर्नर चौकोनात आणि चार नॉब पुढे एका ओळीत, तर कुठला नॉब कशाचा? त्याने आणि एका सहकाऱ्याने लोकांना वेगवेगळ्या मांडण्या देऊन पाहिल्या. मागचे बर्नर थोडे सरकवून चारही बर्नर डावीकडून उजवीकडे नॉबच्याच क्रमात दिसतील असे ठेवले, तर लोक चुकतच नव्हते. बाकीच्या मांडण्यांत चुकत होते. हे कळून साठ वर्षांवर काळ लोटला. आज दुकानातला काचेचा चार बर्नरचा महागडा हॉब बघा: बर्नर चौकोनात, नॉब ओळीत, आणि प्रत्येक नॉबशेजारी चार ठिपक्यांचं बारीक चित्र, त्यातला एक ठिपका भरलेला. चष्मा लावून ते चित्र वाचायचं आणि मग दूध मंद करायचं. आपली दोन बर्नरची स्टीलची शेगडी याबाबतीत कितीतरी शहाणी. डावा नॉब डाव्याचा, उजवा उजव्याचा. चित्र लागत नाही.

वस्तूवर खुणेची चित्रं, बाण, चिकटवलेल्या चिठ्ठ्या दिसल्या की मी त्या वस्तूकडे संशयाने बघतो. बँकेच्या काचेच्या दाराला उभी मोठी मूठ असते. मूठ म्हणते ओढ, आणि वर पाटी म्हणते ढकला. हात पाटी वाचत नाही. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मार्करने लिहिलेलं असतं, 'हे बटण दाबू नये'. दाबायचं नाही, तर बटण ठेवलं कशाला?

शेगडीवरच आहोत तर कुकरही पाहून घेऊ. वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं फ्रेंच शास्त्रज्ञ डेनी पापँने १६७९ मध्ये लंडनमध्ये दाखवलं, आणि स्फोट होऊ नये म्हणून वजनाचा सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानेच जोडला. आपल्या कुकरची शिट्टी ही त्याचीच वंशज. बारीक भोकावर ठरावीक वजन ठेवलेलं असतं. आतल्या वाफेचा दाब त्या वजनाला भारी पडला की ते उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन परत बसतं. हवेच्या दाबावर आणखी साधारण दर चौरस सेंटीमीटरला १ किलो, एवढा दाब आत तयार होतो आणि पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंशांना उकळतं. तूरडाळ म्हणून लवकर शिजते. ही शिट्टी मुळात घड्याळ नाही, ती दाबावरची मर्यादा आहे. 'तीन शिट्ट्या' हे माप आपल्या बायकांनी तिच्यातून काढलं. बनवणाऱ्याच्या डोक्यात नसलेला उपयोग, पण कामाचा. दुसऱ्या खोलीत बसूनही कुकर काय म्हणतोय ते कळतं.

खरी हुशारी झाकणात आहे. आपल्याकडे कुकरचे दोन पंथ. एक बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा, दुसरा हॉकिन्सने घरोघर नेलेला, आतून बसणाऱ्या झाकणाचा. आतलं झाकण पूर्ण गोल नसतं, किंचित लांबट असतं. भांड्याचं तोंडही तसंच. झाकण तिरकं करून आत सोडायचं, वळवायचं आणि खालून वर ओढून दांड्याला अडकवायचं. पहिल्यांदा कुकर लावणाऱ्याची पाच मिनिटं यातच जातात. बाहेरच्या झाकणाची सवय असलेला माणूस तर वैतागतो.

पण आत वाफ धरायला लागली की ती वाफच झाकणाला आतून भांड्याच्या काठावर दाबून धरते. हिशोब करा: झाकणाचा व्यास १६ सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ झालं सुमारे २०० चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला १ किलो म्हणजे झाकणावर २०० किलो वजनाइतका जोर. ते उघडायला आधी खाली, आत ढकलावं लागतं. दोन क्विंटलच्या विरुद्ध कोण ढकलणार? दाब उतरला की तेच झाकण आपोआप सैल पडतं. ज्याच्यापासून धोका, त्यालाच पहारेकरी नेमलंय. वर पुन्हा सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच. शिट्टीच्या भोकात डाळ अडकली किंवा पाणी आटलं तर त्यातला लवकर वितळणारा धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. झाकण लावताना रोज थोडा त्रास, आणि त्याच्या बदल्यात घाईत उघडून भाजण्याची शक्यताच नाही. मला हा सौदा पटतो. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, घरात आधीच दोन पंथ आहेत.

आकाराने चूक अडवायची ही युक्ती इस्पितळात तर जीव वाचवते. भूल देण्याच्या यंत्राला ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइडची सिलिंडरं जोडतात. रंग वेगवेगळे असतातच, पण त्यावर कोणी विसंबून राहत नाही. यंत्रावर दोन पिना असतात आणि सिलिंडरच्या तोंडाशी दोन खाचा, आणि प्रत्येक वायूसाठी त्यांची जागा वेगळी. ऑक्सिजनच्या जागी दुसरं सिलिंडर बसवायला गेलं तर ते टेकतच नाही.

पण सगळ्या चुका आकाराच्या नसतात. काही चुका क्रमाच्या असतात, आणि त्या पाहायच्या तर झेरॉक्सच्या दुकानात जावं. काउंटरच्या कोपऱ्यात एक खोका असतो. त्यात लोकांची विसरलेली आधार कार्डं, रेशन कार्डं, मार्कशीट, सातबाराचे उतारे. माणूस मूळ कागद काचेखाली ठेवतो, प्रती हातात घेतो, पैसे देतो आणि जातो. ज्याच्यासाठी आला ते काम झालं. काम झालं की मेंदू ते प्रकरण मिटवून टाकतो, आणि त्यानंतर उरलेली बारीकसारीक पायरी गळून पडते. यात वयाचा, शिक्षणाचा संबंध नाही. प्राध्यापकही विसरतात.

एटीएमने हा धडा लवकर घेतला. सुरुवातीच्या काही यंत्रांत आधी पैसे बाहेर यायचे आणि मग कार्ड. लोक पैसे मोजत निघून जायचे, कार्ड आतच. क्रम उलटा केला: आधी कार्ड काढून घ्या, मगच नोटा. ज्याच्यासाठी आलोय ते सगळ्यांत शेवटी मिळालं की मधली पायरी कोणी विसरत नाही. पाटी लावायची गरजच संपली.

आणि याचा सगळ्यांत सुबक नमुना पेट्रोल पंपावर सापडतो. बऱ्याच मोटारसायकलींच्या टाकीचं झाकण गाडीच्याच किल्लीने उघडतं, आणि झाकण बंद होऊन लॉक झाल्याशिवाय किल्ली त्यातून निघत नाही. किल्लीशिवाय गाडी सुरू होणार नाही. म्हणजे टाकी उघडी ठेवून जाणं शक्यच नाही! कुठलाही सेन्सर नाही, दिवा नाही, एक रुपयाचा जादा खर्च नाही. दोन कामांना एकच किल्ली, एवढंच. याउलट साइड स्टँड. तो वर न करता गाडी सुटली तर वळणावर माणूस पडतो, आणि वर्षानुवर्षं त्यावरचा आपला उपाय म्हणजे शेजारून जाणाऱ्याने ओरडणं, 'ओ काका, स्टँड!' आता कित्येक नव्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन बंद पडतं. हे सुचायला इतकी वर्षं का लागावीत, कळत नाही.

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी अशा युक्त्यांचं शास्त्रच केलं. १९६१ मध्ये नागोयातल्या एका कारखान्यात दोन बटणांचा छोटा स्विच बनत असे. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कामगार पेटीतून स्प्रिंग उचलायचे आणि बसवायचे, आणि अधूनमधून एखादी स्प्रिंग राहून जायची. साहेब लोक येऊन 'लक्ष द्या' म्हणून जायचे. काही दिवस सगळं ठीक, मग पुन्हा तेच. शिंगोंनी फक्त एक छोटी बशी आणली. कामगाराने आधी मोजून दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या आणि मग त्या बसवायच्या. स्विच पूर्ण झाला आणि बशीत एक स्प्रिंग उरली असेल, तर चूक तिथेच समोर दिसते. विसरणं थांबलं नाही. विसरलेलं दिसायला लागलं, आणि तेवढं पुरलं.

आता मुद्दाम ठेवलेल्या अडथळ्याकडे. गॅसचा नॉब आधी दाबायचा आणि मग फिरवायचा. पण बंद करताना दाबावं लागत नाही, नुसता फिरवला की झालं. सुरू करणं थोडं अवघड, बंद करणं सोपं. ओढणीचा किंवा पोराच्या हाताचा धक्का लागून गॅस सुरू होणार नाही, आणि पदर पेटला तर बंद करायला क्षणही लागणार नाही. हा एकतर्फीपणा अनेक सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकण्यासारखा आहे. त्यांच्याकडे सबस्क्रिप्शन सुरू करायला एक टिचकी लागते आणि बंद करायला सात पानं.

मतदान यंत्र हे तर अडथळ्यांचंच यंत्र. त्याचा पहिला वापर १९८२ मध्ये केरळमधल्या परूर मतदारसंघात झाला. त्याच्या आजच्या रूपाच्या घडणीत आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा हात आहे. यंत्राचे दोन भाग: बटणांचा भाग मतदारासमोर आडोशाला, आणि नियंत्रणाचा भाग अधिकाऱ्याच्या टेबलावर. अधिकाऱ्याने 'बॅलट' बटण दाबल्याशिवाय मतदाराची बटणं मेलेली असतात. दाबलं की हिरवा दिवा लागतो, आणि फक्त एका मतापुरती जान येते. मतदाराने निळं बटण दाबलं की उमेदवारासमोर लाल दिवा, शेजारच्या पेटीच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी, आणि मग लांब बीप. ती बीप मतदारापेक्षा खोलीतल्या बाकीच्यांसाठी आहे. मत पडलं हे सगळ्यांना कळतं, कुणाला पडलं ते कुणालाच नाही. त्यानंतर तेच बटण दहादा दाबा, काही होत नाही.

कागदी मतपत्रिकेवर शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला की मत बाद व्हायचं. म्हणजे मतदाराच्या थरथरत्या हाताची शिक्षा. यंत्रात अर्धवट दाबलेलं बटण नसतंच. दुसरी गोष्ट वेगाची. बूथ बळकावणारे मतपत्रिकांच्या गठ्ठ्यावर धडाधड शिक्के मारायचे. इथे प्रत्येक मतानंतर यंत्र थांबतं, त्यामुळे मिनिटाला चार-पाचांपलीकडे मतं जातच नाहीत, आणि अधिकाऱ्याने 'क्लोज' दाबलं की सगळंच ठप्प. तो संथपणा हाच त्याचा गुण. न वापरलेल्या निळ्या बटणांवर पांढरी झाकणं बसवतात आणि बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात, हेही पुढच्या वेळी बघून घ्या.

त्याची मर्यादाही आकारातच आहे. एका यंत्रावर सोळाच ओळी, 'नोटा' धरून. २०१९ मध्ये तेलंगणातल्या निजामाबादला शेतकऱ्यांनी निषेध म्हणून मोठ्या संख्येने अर्ज भरले, उमेदवार झाले १८५, आणि प्रत्येक केंद्रात बारा बॅलट युनिटं, म्हणजे मतदारासमोरचे बटणांचे भाग, एकमेकांना जोडून मांडावी लागली. आपला उमेदवार शोधायला मतदाराने यंत्रांच्या रांगेतून हिंडायचं.

अडथळ्याच्याही पुढची पायरी म्हणजे ती वाटच काढून टाकणं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचा बंद करायचा स्विचच नाही, इंजिन सुरू असेपर्यंत दिवा सुरू. दिवसाही गाडी समोरच्याला दिसावी म्हणून. स्विच गेला, पण समोरून येणारे भले लोक पुढे कित्येक महिने बोटं उघडझाप करून 'लाइट चालू आहे' अशी खूण करत राहिले. सवय नियमापेक्षा चिवट असते.

यूपीआयमध्ये हे उशिरा झालं. २०१६ मध्ये ते आलं तेव्हा त्यात पैसे पाठवण्याइतकंच पैसे मागण्याचीही सोय होती. एकाने मागणी पाठवायची, दुसऱ्याने पिन टाकून मंजूर करायची. भामट्यांना हे लगेच कळलं. जुनं कपाट विकायला काढलेल्या माणसाला फोन यायचा, 'ॲडव्हान्स पाठवतोय, पिन टाकून घ्या.' पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जायचे. 'पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही' अशा सूचना मेसेजमधून, जाहिरातींतून, बँकांच्या भिंतींवरून येत राहिल्या. वाक्य बरोबर होतं, पण घाईत, फोनवर कुणीतरी बोलत असताना, लोक पडदा वाचत नाहीत. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली गेली. याच व्यवहारात दुकानदाराच्या गल्ल्यावरचा बोलका डबा मात्र फार छान सुचलेला. भाजीवाल्या मावशींचे हात ओले, समोर पाच गिऱ्हाइकं, मोबाइल पिशवीत. 'पन्नास रुपये प्राप्त झाले' हे कानाला कळतं आणि खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्याचं काम अवघड होतं.

पण खिशातल्या रोख पैशांत आपण मागे गेलो, आणि याची चर्चा जेवढी व्हायला हवी तेवढी होत नाही. जुन्या मालिकेत ५० ची नोट १४७ मिलिमीटर लांब होती, १०० ची १५७, ५०० ची १६७. दर पायरीला १ सेंटीमीटरचा फरक. न दिसणाऱ्या माणसाला बोटांवर माप घेऊन नोट ओळखता यायची. २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक दोन नोटा एकावर एक ठेवल्या तर कळेल, एकटी नोट हातात आली तर नाही. शंभर, दोनशे, पाचशेवर उठावदार खुणा आणि कडेला रेषा आहेत, पण हाताळून हाताळून नोट मऊ पडते तसा उठावही पुसट होतो. पन्नासला आणि त्याखालच्या नोटांना तर तो उठावही नाही. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचं ॲप आणलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते किंमत बोलून सांगतं. चांगलं आहे. पण शंभराची नोट ओळखायला काही हजारांचा फोन जवळ हवा आणि रिक्षावाल्यासमोर तो बाहेर काढायला हवा, ही त्या नोटेला चिकटवलेली चिठ्ठीच झाली.

नाण्यांचा इतिहास याहून बरा. चौकोनी पाच पैसे, नागमोडी काठाचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे ज्यांनी वापरलेत त्यांना खिशात हात घालून, न बघता हवं ते नाणं काढता यायचं. मधल्या काळात सगळी नाणी गोल झाली आणि रुपया-दोन रुपयांची गफलत रोजची झाली. २०१९ ची नवी मालिका दृष्टिहीनांचा विचार करून काढली. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढतं: १ रुपया २० मिलिमीटर, २ रुपये २३, ५ रुपये २५, १० रुपये २७. वीस रुपयांचं नाणंही २७ चंच, पण त्याला बारा बाजू आहेत. कागदावर हे अगदी चोख आहे. फक्त जुनी नाणी चलनातून गेलेली नाहीत, आणि २०११ च्या मालिकेत २ रुपयांचं नाणं २५ मिलिमीटरचं होतं व ५ रुपयांचं २३ चं. म्हणजे आज खिशात २३ मिलिमीटरचं नाणं लागलं तर ते नवे दोन रुपये किंवा जुने पाच, आणि २५ चं लागलं तर जुने दोन किंवा नवे पाच. व्यासावरून काही ठरत नाही. ठरवायचं ते जाडीवरून आणि वजनावरून, आणि तेही कंडक्टर सुट्ट्यासाठी हात पुढे करून उभा असताना.